अण्णांचा एक्सपी

सेवानिवृत्ती हा प्रकार माणसांपुरता होता तोवर त्यात एक शोभा होती. शाल, श्रीफळ, दोन भाषणे, त्यांतल्या एकात 'पोकळी' हा शब्द, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सत्कारमूर्तीने करायचे काय, हा घरच्यांना पडलेला प्रश्न. यंत्रांचे तसे नव्हते. शिवणयंत्र सासूकडून सुनेकडे जायचे, मोट मोडेपर्यंत चालायची, आणि भिंतीवरचे घड्याळ बंद पडले तरी भिंतीवरच राहायचे. कारण ते काढले की मागचा रंगाचा चौकोन उघडा पडतो. आता यंत्रेही तारीख जाहीर करून निवृत्त होऊ लागली आहेत. विंडोज टेन नावाची संगणकाची कार्यप्रणाली १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधी, अशीच निवृत्त झाली. घरगुती ग्राहकांना आणखी वर्षभराची सवलत मिळाली. पण निवृत्तीनंतरची मुदतवाढ ती मुदतवाढच. त्या दिवाळीत पुण्यामुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या तोंडी चकलीच्या खालोखाल हाच विषय होता. चांगला चालता बोलता संगणक घरात आहे, पण नवी विंडोज इलेव्हन त्याच्यावर चढत नाही. तिला सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१७ नंतरचा लागतो. मग काय करायचे? धडधाकट यंत्र भंगारात घालायचे?

पाहुण्यांना मी म्हटले, "चला, तुम्हांला अण्णांकडे नेतो."

ह्या सदराच्या नेहमीच्या वाचकांना वडवणी आता पाठ झाली असेल. नव्यांसाठी एवढेच सांगतो की बीडहून परळीला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आमचे तालुक्याचे गाव, आणि मी इथे महाविद्यालयात मराठी शिकवतो. अण्णा म्हणजे बाजारपेठेतल्या छापखान्याचे मालक. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, पावतीपुस्तके, हरिनाम सप्ताहाची पत्रके आणि पाच वर्षांतून दोनतीनदा निवडणुकीची हँडबिले, असा त्यांचा संसार. छापखान्याच्या आतल्या खोलीत, गणपतीच्या तसबिरीखाली, एक संगणक आहे. एके काळी तो पांढरा होता. आता जुन्या हार्मोनियमच्या पट्ट्यांचा रंग त्याला आला आहे. काम नसेल तेव्हा त्याच्यावर गादीच्या कापडाची झूल असते. झूल काढून बटण दाबले की तो आधी कण्हतो, मग खोकतो, आणि मग पडद्यावर ती सुप्रसिद्ध हिरवी टेकडी आणि वरचे निळे आभाळ उगवते. ते छायाचित्र चार्ल्स ओ'रिअर ह्या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियात टिपले. मे महिन्यात आमच्या तालुक्यात हिरवे म्हणून एवढेच काय ते दिसते.

तर ही विंडोज एक्सपी. २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी निवृत्त झाली. अण्णांच्या आतल्या खोलीपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही, किंवा पोचली असली तरी अण्णांनी तिच्याकडे पाहिलेले नाही.

पाहुण्यांपैकी एकजण संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याने देवळात पादत्राण दिसावे तसा चेहरा केला आणि म्हणाला, "अहो काका, हा अजून वापरता? ह्याला सपोर्ट नाही!"

अण्णांनी त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "त्याला नसल. तो मला सपोर्ट करायलाय ना?"

ह्या उत्तरात अण्णा सोळा आणे बरोबर आहेत असे नाही. पण किती आणे बरोबर आहेत, हे पाहण्यासारखे आहे. निवृत्त झाली म्हणजे प्रणाली बंद पडते असे नव्हे. प्रणाली म्हणजे माणसांनी लिहिलेल्या कोट्यवधी ओळींची एक अवाढव्य पोथी. आणि माणसांनी लिहिलेल्या पोथीत चुका असणारच. त्यांतल्या काही चुका म्हणजे नुसती भोके असतात, त्यांतून चोर आत शिरू शकतो. कंपनी ती भोके शोधते आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी घरोघरी ठिगळे पाठवते. निवृत्तीनंतर ही ठिगळे यायची थांबतात. वाकळ तीच, ऊब तीच. फक्त नवे भोक पडले तर सुई-दोरा घेऊन बसणारी आजी आता नाही. आणखी एक बारीकशी गोम अशी की नव्या प्रणालीसाठी ठिगळ निघाले की भोक कुठे होते तेही चोरांना कळते. आणि तेच भोक पुष्कळदा तिच्या थोरल्या, निवृत्त बहिणीतही असते.

हे नुसते भीती घालणे नव्हे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा एक संगणकी रोग जगभर पसरला. दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने कुलूपबंद केले आणि किल्लीसाठी तीनशे डॉलरांची खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे काम अडले. आपल्याकडे आंध्र प्रदेशातल्या पोलिसांचे काही संगणक सापडले. प्रकरण इतके वाढले की कंपनीने तीन वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीही एक ठिगळ घाईघाईने काढले. पण ह्या हकिगतीतली खरी मौज पुढे आहे. पाहणी झाली तेव्हा असे दिसले की सापडलेले बहुतेक संगणक एक्सपीचे नव्हतेच. ते विंडोज सेव्हनचे, म्हणजे त्या वेळी नोकरीत असलेल्या प्रणालीचे होते. त्यांच्यासाठी ठिगळ मार्च महिन्यातच आलेले होते. कोणी ते लावले नव्हते, इतकेच. 'नंतर आठवण करा' हे बटण दाबण्याची सवय आपल्या घरातही कोणाला आहे का, हे वाचकांनी फराळाच्या वेळी एकमेकांना विचारून पाहावे.

मोठमोठी राज्ये आणि बँकाही ह्या बाबतीत अण्णांपेक्षा फार पुढे होत्या असे मानण्याचे कारण नाही. एक्सपी निवृत्त झाली त्या २०१४ साली ब्रिटिश सरकारने आणखी वर्षभर ठिगळे मिळावीत म्हणून पंचावन्न लाख पौंड मोजले. आपल्याकडची पुष्कळ एटीएम यंत्रे पुढेही वर्षानुवर्षे एक्सपीवरच नोटा मोजत होती. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना खडसावून टप्पे बांधून दिले आणि जून २०१९ पर्यंत सगळी यंत्रे बदलायला सांगितले. म्हणजे अण्णा हिरव्या टेकडीपुढे बसून सप्ताहाचे पत्रक जुळवत होते, तेव्हा ज्या यंत्रातून ते पैसे काढत असतील त्याच्या पोटातही तीच बाई नोकरीला असण्याचा संभव होता.

अण्णांच्या संगणकाला मात्र इंटरनेटची तार कधी लागलेलीच नाही. वाऱ्यावरून येणारा रोग तिथे येत नाही. पूर्वी पेन ड्राइव्हवरून यायचा. एका पेन ड्राइव्हने सकाळी झेरॉक्सच्या दुकानात, दुपारी शाळेत आणि संध्याकाळी छापखान्यात जायचे आणि जिथे जाईल तिथे सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून ठेवायचे, तो काळ पुष्कळांना आठवत असेल. त्या अनुभवानंतर अण्णांनी दारावर पाटी लावली: 'येथे पेन ड्राइव्ह लावला जाणार नाही.' आता गिऱ्हाईक मजकूर मोबाइलवर पाठवते, स्वच्छ मराठीत, ऱ्हस्वदीर्घाच्या नेहमीच्या हेळसांडीसह. अण्णा मोबाइल मांडीवर ठेवतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात, आणि तो सगळा मजकूर आपल्या संगणकावर पहिल्यापासून पुन्हा टंकतात.

पाहुण्यांना हे पाहून हसू आवरेना. आयते लिहून आलेले पुन्हा कशाला लिहायचे? ते हसू मला झोंबले. कारण ह्याचे उत्तर अण्णांच्या हट्टात नाही, आपल्या मराठीच्या गेल्या चाळीस वर्षांच्या इतिहासात आहे. आणि तो इतिहास मराठीच्या प्राध्यापकांनाही फारसा ठाऊक नसतो.

संगणक आपल्याकडे आला तो इंग्रजी शिकून. त्याला मराठी शिकवायला वेळ लागणार होता, आणि छापखान्यांना तर लग्नपत्रिका ह्याच मुहूर्तावर हव्या होत्या. म्हणून कल्पक लोकांनी एक युक्ती काढली. संगणकाला वाटू द्यायचे की आपण इंग्रजी अक्षरेच साठवतो आहोत. फक्त त्या अक्षरांचे चित्र बदलायचे. कृतिदेव ह्या टंकात 'राम' लिहायचे तर इंग्रजी जे, के आणि ई ह्या कळा दाबायच्या. संगणकाच्या पोटात जे-के-ई साठते, पडद्यावर राम दिसतो. भक्ताला राम दिसला, कामाशी काम! पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे टंक, आकृती, अशी कितीतरी घराणी निघाली. महाराष्ट्रातली मासिके, क्रमिक पुस्तके, प्रबंध, गौरवग्रंथ हे सगळे ह्या युक्तीवर छापून निघाले. ती युक्ती नसती तर खिळे जुळवणारे जुळारी गेल्यावर मराठी पुस्तकांचे काय झाले असते कोण जाणे. मी त्या युक्तीला हसत नाही.

पण प्रत्येक घराण्याची सांकेतिक भाषा वेगळी. एकाच्या टंकात लिहिलेले दुसऱ्याच्या टंकात उघडले तर पडद्यावर मुंग्यांचे वारूळ फुटल्यासारखे दिसते. दरम्यान युनिकोड आले. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक देणारी ही पद्धत. तिच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीला जागा मिळाली होती. आज आपण मोबाइलवर लिहितो ती मराठी युनिकोडमधली. ती दिल्लीत उघडा, डेट्रॉइटमध्ये उघडा, 'राम' तो रामच. अण्णांचे टंकांचे पॅकेज मात्र त्याआधीच्या संसारातले. संगणकाच्या मागे, जुन्या छपाईयंत्राची जाड तार जिथे लागायची त्या खाचेत, एक अंगठ्याएवढा डबा खोचलेला असतो. त्याला डोंगल म्हणतात. तो असेल तरच पॅकेज मराठी टंकू देते. नव्या संगणकाला ती खाचच नसते. पाने जुळवायचे पेजमेकर, त्याची २००१ सालची सातवी आवृत्ती हीच शेवटची. पेजमेकरला एक्सपी हवी, पॅकेजला डोंगल हवे, डोंगलला ती खाच हवी. आपल्या बालगीतांत म्हातारीच्या गोष्टी असतात तशी ही साखळी. एक कडी बदलायची तर सगळीच बदलावी लागते.

आणि शिवाय भांडवल. अण्णांच्या त्या संगणकात वीस वर्षांच्या फायली आहेत. सप्ताहाचे पत्रक दरवर्षी तेच. कीर्तनकार आणि तिथी बदलायची. पंचक्रोशीतल्या घराण्यांच्या पत्रिकांत आजे, चुलत आजे, निमंत्रक, व्यवस्थापक यांच्या नावांचा जो क्रम ठरलेला असतो, तो चुकला तर मांडवात भांडण. तो क्रम अण्णांच्या फायलीत आहे. थोरल्या मुलीच्या लग्नाची फाईल उघडायची आणि धाकटीच्या लग्नाची पत्रिका काढायची. एका लग्नसराईत अण्णा जे करतात ते नव्या संगणकावर नव्याने करायचे तर तीन सराया जातील. पन्नास हजारांचा प्रश्न नाही, तीन सरायांचा आहे. कंजूषपणा म्हणून ज्याची टवाळी होते तो पुष्कळदा असा हिशेब असतो.

इथवर सगळे अण्णांच्या बाजूचे झाले. आता दुसरी बाजू.

आमच्या भागातल्या एका प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी हयातभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हे काम करणारे ते एकटे नव्हेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९६ साली आमच्या शेजारच्या माजलगावात, भीमनगरातल्या बायांच्या ओव्याही त्या प्रकल्पात ध्वनिमुद्रित झाल्या. आज त्यांचा संग्रह 'पारी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहालयामार्फत २०१७ पासून लोकांपुढे येतो आहे, कोणालाही ऐकता वाचता येतो. आमच्या गुरुजींच्या मागे असे कोणी नव्हते. ते सायकलवरून वाड्यावस्त्यांवर जायचे, दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टर-ट्रकांतून कारखान्यांकडे निघतात त्याच्या आधीचे दिवस साधायचे, कारण एकदा कोयता निघाला की गावात म्हाताऱ्या आणि शाळकरी पोरेच मागे राहतात. ज्यांनी ओव्या सांगितल्या त्या बायांची नावे ते वहीत ओवीखाली लिहून ठेवायचे. नवऱ्याचे नाव नाही, बाईचे नाव. पहिला भाग अण्णांनीच छापला, पदरमोड करून. दुसऱ्या भागाची, दोन हजारांवर ओव्यांची, जुळणी पूर्ण झाली आणि गुरुजी गेले. पुस्तक राहिले. पुढे पावसाळ्यात घराची एक भिंत ओली झाली, वह्यांच्या पेटीला वाळवी लागली. ज्या बायांनी त्या ओव्या म्हटल्या त्यांतल्या बहुतेक आज नाहीत.

म्हणजे त्या दोन हजार ओव्या आता जगाच्या पाठीवर एकाच ठिकाणी आहेत: गणपतीच्या तसबिरीखाली, त्या पिवळट डब्यात.

हे आम्हां सर्वांच्या डोक्यात लख्ख उजेड पाडून गेले ते गेल्या उन्हाळ्यात. एका सकाळी अण्णांनी बटण दाबले आणि संगणक म्हणाला की आज १ जानेवारी २००२ आहे. आत एक रुपयाएवढा गोल सेल असतो, त्याच्यावर संगणकाचे घड्याळ चालते. तो संपला होता. घड्याळाच्या दुकानातून नवा सेल आणला आणि काम भागले. पण त्या दिवशी खोलीत शांतता होती, तेव्हा दुसराच आवाज ऐकू आला. टक्. मग थोड्या वेळाने पुन्हा टक्. साठवणीची तबकडी आतून दार वाजवत होती. ज्यांना ह्यातले कळते ते सांगतात की हा आवाज येऊ लागला म्हणजे दिवस मोजायला सुरुवात करावी. तबकडी फिरते यंत्र आहे, ते झिजते. एक्सपीला मारायला बाहेरून चोर यायलाच हवा असे नाही.

अण्णा पहिल्यांदा घाबरलेले मी तेव्हा पाहिले. "सर," ते म्हणाले, "पत्रिकांचं काय नाही. लोक पुन्हा सांगतील नावं. गुरुजींचं कोन सांगंल?"

मग हालचाल झाली. आमचाच एक जुना विद्यार्थी आता संगणक दुरुस्त करतो. तो आला, कोरा पेन ड्राइव्ह आणि एक नवी तबकडी घेऊन. दारावरची पाटी त्या दिवसापुरती उलटी करण्यात आली. त्याने जुन्या तबकडीची हुबेहूब प्रत काढली. रात्रभर ते चालले होते. वीज जाईल म्हणून इन्व्हर्टर जोडून ठेवला होता, आणि खरोखरच ती दोनदा गेली. पहाटे प्रत पूर्ण झाली. त्याने तर पुढची करामत अशी केली की आपल्या नव्या संगणकाच्या पोटात एक खोटा संगणक मांडून त्यात अण्णांची एक्सपी जशीच्या तशी चालू करून दाखवली, हिरव्या टेकडीसकट. डोंगल तिथे लागत नाही, म्हणून तिथे टंकता येत नाही. पण वाचता येते, मजकूर बाहेर काढता येतो.

आता ओव्या बाहेर निघाल्या त्या जे-के-ईच्या रूपात. त्यांचे युनिकोड करणारी साधने फुकट मिळतात; एका बाजूला वारूळ घातले की दुसऱ्या बाजूने मराठी येते. जवळपास. ह्या 'जवळपास'मध्ये आमचे पुढचे सहा महिने गेले आहेत.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला ह्यात फार गोडी वाटेल अशी एक गोष्ट आहे. जुने टंक डोळ्याने लिहितात, युनिकोड कानाने लिहिते. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी कागदावर 'क'च्या आधी दिसते म्हणून जुन्या टंकात ती आधी साठवतात. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी, उच्चाराच्या क्रमाने. 'अर्क'मधला रफार डोळ्याला 'क'च्या डोक्यावर, शेवटी दिसतो, म्हणून तिथे शेवटी. युनिकोडमध्ये र् आधी, कारण तो आधी ऐकू येतो. रूपांतर म्हणजे सगळ्या वेलांट्या आणि सगळे रफार उचलून आपापल्या जागी नेऊन बसवायचे. यंत्र ते बहुतेक ठिकाणी करते. जिथे करीत नाही तिथे मोठे घोटाळे होतात, आणि आपल्या मराठीचा तो लाडका ऱ्य हा तर त्यांचा राजा. अर्धा र दोन प्रकारे लिहिण्याची चैन आपल्याकडे आहे. आचाऱ्याला बोलावले तर स्वयंपाक होतो आणि आचार्याला बोलावले तर प्रवचन. रूपांतरात हा भेद पुसला जातो. एका ओवीत भाऊ बहिणीला दिवाळीला न्यायला डोंगर आणि दऱ्या ओलांडून येतो. साधनाने दऱ्यांचा दर्या केला. बालाघाटाच्या डोंगरात भाऊ समुद्र ओलांडून आला! गंमत म्हणून हसलो, आणि मग लक्षात आले की ज्याला बालाघाट ठाऊक नाही, ओवी ठाऊक नाही, अशा कोणी शहरात बसून हे तपासले असते तर तो दर्या तसाच छापला गेला असता. उलट मराठवाड्यातल्या स्त्रियांच्या सागरकल्पनेवर एखादा प्रबंधही झाला असता.

म्हणून हे तपासायला ओवी जाणणारे माणूस लागते. आमच्या बी.ए.च्या वर्गातल्या तीन मुली संध्याकाळी येतात. त्यांच्यापैकी एकीचे आईवडील दरवर्षी उचल घेऊन तोडीला जातात. ती आजीपाशी राहून शिकते. मुलगी मोबाइलवरून ओवी वाचते, आजी ऐकते. आजीला अक्षर येत नाही, पण चुकले की लगेच कळते. "असं न्हाई बाई," ती म्हणते, आणि पुढची ओळ स्वतःच म्हणून दाखवते. कधी ती गुरुजींच्या पाठाहून वेगळी असते. तेव्हा आम्ही दोन्ही ठेवतो आणि आजीचे नाव खाली लिहितो. एकदा एका ओवीखाली आजीला आपल्याच थोरल्या बहिणीचे नाव ऐकू आले. ती बहीण गेल्याला पंधरा वर्षे झाली होती. आजीने ती ओवी चार वेळा वाचायला लावली. त्या संध्याकाळी पुढे काम झाले नाही.

ह्या घाईला आमच्या प्रदेशात एक जुनी पार्श्वभूमी आहे. निजामी राजवटीत इथले दफ्तर उर्दूत; त्याआधीचे आणि काही त्यासोबतचे मोडीत. १९४८ नंतर उर्दू दफ्तर मागे पडले, शाळांतून मोडीही गेली. त्या लिप्यांचीही सेवा संपली, कोणी तारीख जाहीर न करता. कागद कपाटात पडून राहिले आणि वाचणारे एकेक करून गेले. मग २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारा माणूस कुठे मिळतो म्हणून धावाधाव झाली. गंमत पाहा, मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती जून २०१४ मध्ये, एक्सपी निवृत्त झाली त्यानंतर दोनच महिन्यांनी. मोडीचे कागद निदान डोळ्यांना दिसतात. शिकलेला माणूस भिंगाने का होईना वाचतो. तबकडी गेली तर भिंग कशावर धरायचे?

माझ्या शहरी वाचकांना वाटेल, हे छापखान्यांचे दुखणे, आपल्याला काय त्याचे? तर कपाटात पाहावे. १९९५ ते २०१० ह्या काळात वडिलांनी टंकून घेतलेले आत्मवृत्त, आत्याचा पीएच.डी.चा प्रबंध, सोसायटीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका, कुलवृत्तांत. सीडीवर, फ्लॉपीवर, किंवा माळ्यावरच्या बंद संगणकात. ते बहुधा ह्याच कुठल्यातरी टंकघराण्यात आहे. जुना संगणक ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण त्याची इंटरनेटची तार काढा, त्यावर बँकेचे व्यवहार करू नका आणि त्यातले जे दुसरीकडे कुठेच नाही त्याची प्रत आज काढा. लक्ष्मीपूजनाला वह्या पुजतो त्याच दिवशी काढली तरी चालेल. विंडोज टेनचा धडधाकट संगणक भंगारातही घालू नका. लिनक्सच्या कुळातल्या मोफत प्रणाली त्यावर छान चालतात, आपल्या सी-डॅकचीही 'बॉस' नावाची एक आहे. पाहुण्यांतल्या त्या हुद्देदार गृहस्थांनी हे सगळे मान्य केले, आणि जाताना अण्णांना म्हणाले की त्यांच्या आजोबांचे हस्तलिखित जिथे टंकून घेतले होते तो पुण्यातला छापखाना बंद झाला, आणि त्या सीडीचे काय करावे हे त्यांना आजवर कळलेले नाही. अण्णा म्हणाले, "द्या पाठवून. बघू कोन्त्या टंकात हाय ते."

आजवर साडेअकराशे ओव्या तपासून झाल्या. उरलेल्या, तोडीला गेलेली माणसे परत यायच्या आत संपवाव्यात असा बेत आहे. कारण मग लगीनसराई, आणि लगीनसराईत अण्णा कोणाचे नसतात. नवा संगणक छापखान्यात आला आहे. त्यावर अण्णांचा नातू बसतो आणि मोबाइलवरून आलेला मजकूर न टंकता सरळ पानात ओढून घेतो. अण्णा ते पाहतात आणि त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मोठ्याने वाचून दाखवतात. जुना डबा विकायला ते तयार नाहीत. परवा भंगारवाला दारात आला, तेव्हा त्यांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.